गौरीच्या रश्श्याचं मीठ

आवडाबाईंनी हात मोडून घेतला तो गौरी यायच्या बरोबर सहा दिवस आधी. बरं, मोडायचाच होता तर डावा मोडावा, तो नाही, उजवा! चौकातल्या नळावर शेवाळ धरलंय, तिकडे जाऊ नका, असं शालनने त्यांना सकाळपासून दोनदा बजावलं होतं. पण सुनेचं ऐकलं तर त्या आवडाबाई कसल्या! घरात नळ असताना "त्याचा पानी गोड नाय लागत" म्हणून कळशी घेऊन गेल्या आणि पंजापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घालून रिक्षातून परत आल्या. रिक्षातून उतरताना तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं? "गौरीचा रस्सा आता कोन करनार?"

शालन समोरच उभी होती. एका हातात सासूची कळशी, दुसऱ्या हातात सासूची चप्पल. कोपरीच्या या घरात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, आणि तरी बाईंचा प्रश्न, कोण करणार? तिच्या मनात आलं, कळशी इथेच आपटावी आणि सरळ कामावर निघून जावं. पण कळशी तांब्याची होती, पोचा आला असता, आणि तो नंतर तिलाच काढून आणावा लागला असता.

शालन मूळची साताऱ्याकडची, कोरेगावजवळची. वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या गोळ्या भरायच्या एका कंपनीत लागली, तिथे स्टोअरमध्ये गुरुदत्त होता, आणि मग व्हायचं ते झालं. मुलगी कोळ्याच्या घरात गेली म्हणून तिच्या वडिलांनी दार लावून घेतलं, ते आजतागायत उघडलं नाही. पत्र नाही, निरोप नाही. दिवाळीला सगळ्या जणी माहेरी निघाल्या की ही आपली डबे घासत बसायची.

तिच्या माहेरी गौरीला पुरणपोळी आणि सोळा भाज्या. इथे गौरीला चिंबोऱ्या, म्हणजे चक्क खेकडे! पहिल्या वर्षी केळीच्या पानावर लाल रश्शात बुडालेल्या त्या नांग्या बघून तिला भोवळ यायचीच बाकी राहिली होती. गणपतीला तिखटाचं पान दिसू नये म्हणून गणपती आणि गौरीच्या मध्ये पडदा लावतात. आपणही पडद्यापलीकडे गणपतीजवळ जाऊन बसावं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

पण गौर म्हणजे माहेरवाशीण. तेरड्याची गौर हातात घेऊन शालन उंबऱ्याशी उभी राहायची, आवडाबाई तिच्या पायांवर दूध-पाणी घालायच्या आणि म्हणायच्या, "ये गो बाय, आत ये." म्हणायच्या गौरीला, हे का शालनला कळत नव्हतं? पण वर्षातून तेवढं एकदा कोणीतरी तिच्याकडे बघून ये म्हणत होतं, आणि तिला दरवर्षी तिथेच भरून यायचं. तिला माहेर म्हणून उरलं होतं ते एवढंच.

आणि नेमक्या त्यावरच शेवंतीचा डोळा.

शेवंती ही मोठी जाऊ. कळव्याला नवीन ब्लॉक घेतला होता, दोन खोल्या आणि गॅलरी. हात मोडल्याचं कळताच ती दुसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन हजर झाली. प्लास्टरवर हात फिरवून झाला, चहा झाला, आणि मग हळूच म्हणते, "आई, पुढच्या वर्षीपासून गौर कळव्याला बसवू या ना. मला निदान रस्सा येतो. हिला बिचारीला आपल्या खाण्याची सवय नाही."

बिचारी! अकरा वर्षं चिंबोऱ्या साफ करून बोटांना चिरा पडल्या, आणि सवय नाही म्हणे! शालनच्या डोक्यात तिडीक गेली. पण सासू बोलायच्या आत बोलायची सोय नव्हती.

"ज्या घरात गौर, त्या घरच्या सुनंनंच रांधायचा," आवडाबाई म्हणाल्या. "यंदा शालन करल. जमला तं जमला. नाय जमला तं गौर कलव्याला."

झालं. तीस माणसांच्या समोर परीक्षा, आणि पुस्तक म्हणाल तर ते आवडाबाईंच्या डोक्यात कुलूपबंद.

तसं पुस्तक करायचा प्रयत्न शालनने केला नव्हता असं नाही. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिने दोनशे पानी वही आणली होती. गौरीचा रस्सा आवडाबाई कोणाला करू द्यायच्या नाहीत, तिच्याकडे फक्त चिंबोऱ्या साफ करायच्या, नारळ खवायचा आणि भात घालायचा. पण बघून, विचारून लिहायला काय हरकत होती? आजही ती वही उघडलीत तर तिसऱ्या पानावर दिसेल. तिखट, डोळ्याला बरं दिसेल तेवढं. चिंच, बोराएवढी, पण मोठ्या बोराएवढी. तेल किती, असं विचारलं तर "घाल गो." घाल म्हणजे किती घालू? "मी पुरे बोलतंय तवर." आणि मीठ? "दोन मुठी."

आता सांगा, यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे? मूठ कोणाची, हा तर मोठाच घोळ. आवडाबाईंनी उभा जन्म मासळीच्या पाट्या उचलल्या होत्या. त्यांचा पंजा गड्यासारखा रुंद. शालनच्या बांगड्या मात्र लहान पोरींच्या मापाच्या दुकानात मिळायच्या.

शेवटी गेल्या वर्षी तिने चोरी केली. मिठाच्या काचेच्या बरणीवर रस्सा करायच्या आधी नेलपॉलिशची बारीक रेघ मारली, आणि सासूने दोन मुठी काढल्यावर खाली दुसरी. मग घरात कोणी नसताना तेवढंच मीठ आपल्या मुठीने मोजलं. बरोबर तीन मुठी भरल्या. शेवंतीला नाही, गुरुदत्तला नाही, कोणालाच तिने हे सांगितलं नाही. सासूला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. बरणीवर रेघा मारून सासूच्या हातावर पाळत ठेवते म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी.

गौरीजेवणाच्या दिवशी शालनने रजा टाकली आणि पहाटेच पदर खोचला. गुरुदत्त खाडीवरून चिंबोऱ्या घेऊन आला, चांगल्या जिवंत, आणि पिशवी मोरीत सोडून पेपर वाचायला बसला. पिशवीचं तोंड बांधायचं असतं हे चाळीस वर्षांच्या कोळ्याला कोणी सांगायचं? एक चिंबोरी सिलिंडरमागे जाऊन बसली, ती काढताना शालनच्या अंगठ्याला नांगी लागली. "जरा जपून," गुरुदत्त पेपराआडून म्हणाला.

आवडाबाई स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसल्या होत्या. उजवा हात गळ्यात, जीभ मोकळी.

"वाटन पाट्यावर."

"आई, तीस माणसांचं वाटण आहे. मिक्सर आहे घरात."

"मिक्सरमदला गौरीला नाय चालत."

गौरीने हे कधी, कोणाला सांगितलं होतं, देव जाणे! शालनने भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, आलं, लसूण, सगळं पाट्यावर ओढलं. खांदे भरून आले. "अजून बारीक," आवडाबाई म्हणाल्या. ते झालं. चिंबोऱ्यांचे बारीक पाय कुटून त्यांचं पाणी गाळून घेतलं. "परत गाल." परत गाळलं. मोठ्या टोपात वाटण परतलं, कोळी मसाला पडला, घरभर वास सुटला, आणि शेजारच्या काकूंनी खिडकीतून "आवडाबाई, झाला का रस्सा?" असं विचारलं. आवडाबाईंना! टोपाशी घामाने थबथबलेली जी बाई उभी होती ती कोण होती मग?

मिठाची वेळ आली तेव्हा आवडाबाईंना डुलकी लागली होती. दुखायची गोळी घेतली होती, मान प्लास्टरवर टेकली होती. नैवेद्याचं जेवण चाखायचं नाही, हा तर नियमच. उष्टं होतं. जीभ वापरायची नाही आणि तीस माणसांचं मीठ बरोबर पडलं पाहिजे! शालनने हात धुतला, गौरीकडे बघून मनात नमस्कार केला आणि मोजून तीन मुठी खडेमीठ रश्शात सोडलं. टोप ढवळला, झाकण ठेवलं.

तेवढ्यात आवडाबाई दचकून जाग्या झाल्या. "मीठ टाकलास?"

"टाकलं."

"किती?"

आता इथे खरं काय ते सांगायचं होतं. पण तीन म्हटलं की "तीन का?" येणार, मग बरणीवरची रेघ येणार, मग रामायण होणार. पहाटेपासून ऐकून ऐकून शालनचे कान किटले होते. ती तुसड्या आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगता तेवढंच. दोन मुठी."

आवडाबाईंनी तिच्या हाताकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत, तिथेच खरं तर शालनने सावध व्हायला हवं होतं.

"शालन, पडदा कुठाय गं?" बाहेरून गुरुदत्तची हाक आली. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी ती हात पुसत बाहेर गेली. पडदा त्याच्या खांद्यावर होता! तो तिने त्याच्या खांद्यावरून ओढून घेतला, स्वतः स्टुलावर चढून खिळ्याला बांधला, सुरकुत्या नीट केल्या. दहा मिनिटं मोडली. परत आली तेव्हा आवडाबाई आपल्या जागेवर होत्या आणि टोपावरचं झाकण थोडं तिरकं होतं. वाफेने सरकलं असेल, असं समजून तिने ते नीट ठेवलं.

बारापर्यंत घर भरलं. शेवंती आली, तिच्या माहेरची दोन माणसं आली, विठ्ठलवाडीहून चुलत सासरे आबा आले. आबा म्हणजे घरातलं सगळ्यात जुनं माणूस. देवाधर्माचं जरा कमी-जास्त झालं की आरडाओरडा करणारे, आणि जेवणात मुरलेले. नैवेद्य दाखवला, आरती झाली, पुरुषांची पंगत बसली. वडे गरम, भात मोकळा, रश्शाला तेलाचा लाल तवंग. शालनने पहिली वाढ आबांना केली आणि दाराशी उभी राहिली.

आबांनी वडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला. चावायचे थांबले. मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि एका दमात निम्मा केला.

"खारट झालाय," आबा म्हणाले. "लय खारट."

पंगतीत सगळ्यांचे हात थांबले. कोणी नुसता भात चिवडायला लागलं, कोणी खोकलं. शेवंतीने बोटाला रस्सा लावून चाखला आणि तोंड असं केलं की बघणाऱ्याला कळावंच. "अगबाई! तरी मी म्हणत होते, आई."

शालनने आवडाबाईंकडे बघितलं. त्या गौरीशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या आणि जमिनीकडे बघत होत्या. आणि त्यांच्या गळ्यातल्या झोळीच्या घडीत, प्लास्टरच्या कडेला, मिठाचे चार-पाच खडे अडकले होते. पांढरे, टपोरे, दुपारच्या उजेडात चमकत होते.

शालनच्या अंगाची लाहीलाही झाली.

"आई, जरा आत या," ती म्हणाली. मग पंगतीकडे वळून म्हणाली, "दहा मिनिटं द्या. हात धुऊ नका कोणी."

आत आल्यावर तिने दार लोटलं. "मीठ टाकलंत तुम्ही?"

"कोन, मी?"

शालनने झोळीतला एक खडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. आवडाबाईंचा चेहरा उतरला. एवढी दांडगी बाई, पण एकदम म्हातारी दिसायला लागली.

"तूच बोललीस दोन मुठी," त्या पुटपुटल्या. "तुजी मूठ एवरीशी. मना वाटला, गौरीला अलनी जाल. पयल्यांदा तुज्या हातचा रस्सा, आन अलनी? शेवंतीनं गौर उचलून नेली असती गो. म्हनून माजी एक मूठ टाकली."

"मी तीन टाकल्या होत्या!"

"मंग दोन कशाला बोललीस?"

"तुम्ही दोन सांगता म्हणून!"

"माज्या दोन!"

"तेच तर! तुमच्या दोन म्हणजे माझ्या तीन!"

शालनला हसावं की रडावं कळेना. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तीन मुठी, एवढे दोन शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? आणि ही बाई! अकरा वर्षं टाकून बोलण्याशिवाय काही केलं नाही, आणि आज गौर आपल्याच घरात राहावी म्हणून लपूनछपून उठली, तर तीही नेमकी सगळ्यावर मीठ टाकायला!

आवडाबाईंनी तिचा पदर धरला. आवाज एकदम खाली गेला. "डाव्या हातानं टाकला गो मी. गौरीच्या नैवेद्यात. कोनाला बोलू नको. आबा उभं जालतील मना."

आधी रस्सा. नैवेद्य दाखवून झाला होता, आता चाखायला बंदी नव्हती. तिने अर्धा रस्सा दुसऱ्या टोपात काढला. खवलेले दोन नारळ मिक्सरमध्ये घालून त्यांचं दूध काढलं, हो, मिक्सरमध्येच, आणि आवडाबाईंनी चकार शब्द काढला नाही. दोन्ही टोपांत नारळाचं दूध आणि आधणाचं पाणी घातलं, चिंचेचा कोळ सोडला, एक उकळी आणली. चमच्याने चाखलं. परत थोडं दूध घातलं, परत चाखलं. आता जिभेला बरं लागलं. रंग जरा उतरला होता, पण वास तोच होता.

दुसरी वाढ झाली. आबांनी वडा बुडवला, खाल्ला, दुसरा मागितला. पंगत हलायला लागली. पण शेवंती काही सोडणार होती का!

"निभावलं म्हणायचं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "पण गौरीच्या पानात तर खारटच गेलं ना? आई, तुम्हीच सगळ्यांसमोर सांगून टाका. पुढच्या वर्षी गौर कळव्याला."

सगळे आवडाबाईंकडे बघायला लागले. आवडाबाई जमिनीकडे बघत होत्या. शालनच्या ओठांवर आलं होतं. झोळीत अजून खडे होते, बोट दाखवलं की काम झालं. पण तिच्या डोळ्यांसमोर पदर धरणारा तो हात आला. जाऊ दे गौर कळव्याला. तीन दिवस जाऊन पाहुणी म्हणून पाया पडून येऊ. तिला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती घाईने बोलली.

"माझ्याकडून जास्त पडलं. माझीच चूक."

आणि मग खुर्ची करकरली. आवडाबाई उभ्या राहिल्या.

"हिची चूक नाय. हिचा मीठ बरोबर होता," त्या म्हणाल्या. "वरून मी टाकला. या हातानं." आणि त्यांनी डावा हात सगळ्यांसमोर वर धरला.

आबांचा घास हातातच राहिला. "डाव्या हातानं? गौरीच्या रश्शात?"

"व्हय. दंड काय तो गौर करल मना, तुमी मधी पडू नका." त्या गौरीपुढे गेल्या, एका हाताने कसाबसा तोल सांभाळत गुडघ्यावर बसल्या आणि जमिनीला नाक घासलं. मग तिथूनच मान वळवून म्हणाल्या, "गौर कोपरीलाच ऱ्हानार. शेवंती, तुज्या गॅलरीत तुलस लाव."

आबांनी वाटी पुढे केली. "रस्सा वाढ गो," ते शालनला म्हणाले.

बायकांची पंगत बसायला तीन वाजले. शेवंती गाल फुगवून, पण जेवत होती. दोनदा रस्सा घेतला तिने, शालनने मोजलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर शालन टोप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती. पाय मोडून आले होते, अंगठा ठसठसत होता, पाट्यामुळे खांदा वर होत नव्हता. कोणाला काय हवं नको ते बघायचं आणि मग उरलंसुरलं आपण खायचं, हे नेहमीचंच.

आवडाबाईंनी आपल्या शेजारी एक पान मांडलं होतं. त्यावर भात होता, तीन वडे होते, आणि सगळ्यात मोठी नांगी. "ती तुजी वही हाय ना," त्या म्हणाल्या, "तिच्यात लिव. मीठ तीन मुठी. शालनच्या."

शालन तशीच उभी राहिली.

आवडाबाईंनी डावा हात पुढे केला. "ये गो बाय," त्या म्हणाल्या, "आत ये."

शालनच्या हातात तेरडा नव्हता, टोप होता. तिने तो खाली ठेवला, येऊन पानावर बसली, आणि मग काही केल्या तिला डोळे आवरेनात. ते टपटप सरळ पानातच गळायला लागले.

"अगो, तोंड बाजूला कर!" आवडाबाई वैतागून ओरडल्या. "आताच कुठं मीठ बरोबर झालाय!"